तबकड्यांची लढाई आणि ग्राहकाचा हक्क

खेळाच्या यंत्रांविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. किमान वेतन, कंत्राटी पद्धत, बंद पडलेले कारखाने हे माझे नेहमीचे विषय. परंतु औद्योगिक वसाहतीतल्या तरुण कामगारांत वावरताना एक वाद गेली कित्येक वर्षे माझ्या कानांवर पडत आला आहे. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, की प्लेस्टेशन श्रेष्ठ की एक्सबॉक्स, खेळ तबकडीवर घ्यावा की इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, यावर दोन तट पडतात. मग एकाच कारखान्यात दोन युनियन असाव्यात आणि उद्या निवडणूक असावी, अशा ईर्षेने मंडळी बोलू लागतात.

हा वाद पोरखेळ म्हणून सोडून देऊ नये, असे मला वाटते. प्लेस्टेशन ५ हे यंत्र २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आले, तेव्हा तबकडी चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. कंत्राटी कामगाराची ती दोन-तीन महिन्यांची कमाई. एवढा पैसा हप्त्याहप्त्याने मोजणाऱ्याने आपल्या वस्तूविषयी वाद घालावा, यात गैर काही नाही. माझे म्हणणे एवढेच, की या वादात यंत्राची ताकद, चित्राची सफाई, तबकडीची क्षमता यांचा कीस पाडला जातो आणि ज्या गोष्टीवर आपल्या खिशाचे बरेवाईट ठरते, ती बाजूलाच राहते. ती गोष्ट म्हणजे अटी. वस्तू विकत घेतल्यावर तिच्यावर आपला हक्क किती आणि विकणाऱ्याचा किती उरतो, हा तो प्रश्न. तबकड्यांचा इतिहास थोडक्यात पाहिला, म्हणजे तो आपोआप पुढे येतो.

माप एक नसले म्हणजे

तबकडीच्या वादात ‘फॉरमॅट’ हा शब्द नेहमी येतो. फॉरमॅट म्हणजे ठरवून घेतलेले माप. तबकडी केवढी, तिच्यावर मजकूर कसा कोरायचा, यंत्राने तो कसा वाचायचा, याचा हा करार असतो. करार एक असेल तर कोणाचीही तबकडी कोणाच्याही यंत्रात चालते. करार दोन झाले की भुर्दंड सुरू होतो.

याचा सर्वांत चांगला दाखला आपल्या शेजारी मनमाडला होता. आपल्या जिल्ह्यातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. तो रुंदमापी, म्हणजे दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर. पुढे १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून औरंगाबादवरून मनमाडला येणारा मार्ग झाला, तो मीटरमापी. दोन्ही मार्ग मनमाडला भेटत, पण एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर चढत नसे. म्हणून मराठवाड्यातून आलेला माल तिथे उतरवायचा, हमालांच्या पाठीवरून पलीकडच्या डब्यात भरायचा आणि मग पुढे न्यायचा, असा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९९० नंतरच्या दशकात तो मार्ग रुंदमापी झाला, तेव्हा कुठे हे थांबले.

रुंद माप चांगले की अरुंद, यावर त्या काळच्या अभियंत्यांनी पुष्कळ वाद घातला. मीटरमापी मार्ग बांधायला स्वस्त आणि वळणाला सोयीचा. रुंदमापी मार्ग जास्त भार वाहणारा. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते. पण शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला जो खर्च सोसावा लागला, तो कोणत्याही एका मापाच्या दोषामुळे आला नव्हता. दोन मापे होती, म्हणून तो आला. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवून आता तबकडीकडे वळू.

सुईच्या जागी प्रकाश

ग्रामोफोनची तबकडी वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. तिच्यावर नागमोडी खाच असे. सुई त्या खाचेतून फिरे आणि आवाज निघे. भांडण तिच्यातही झाले होते. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने सुमारे ३३ फेऱ्यांची आणि १९४९ साली आरसीए व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची तबकडी काढली. पुढे यंत्राला वेग बदलण्याचा खटका बसला आणि दोन्ही तबकड्या एकाच घरात नांदू लागल्या.

१९८२ साली सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सीडी बाजारात आणली. बारा सेंटिमीटर रुंदीची ही तबकडी सुईने वाचली जात नाही, लेसर नावाच्या किरणाने वाचली जाते. तबकडीत सूक्ष्म खळग्यांची एक लांबच लांब ओळ आतून बाहेर गुंडाळत गेलेली असते. खळग्यावरून आणि सपाट जागेवरून किरण वेगवेगळा परततो. तो फरक यंत्र अंकांच्या रूपाने वाचते आणि त्या अंकांतून गाणे, चित्र किंवा खेळ उभा राहतो.

सारी करामत आहे ती ओळी किती दाट बसवता येतात यात. पाभरीचे फण जवळ आणले, की त्याच वावरात जास्त ओळी पेरता येतात, तसेच हे. सीडीत दोन ओळींमधले अंतर १.६ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. किरणाची लहर जितकी आखूड, तितका तो बारीक टेकवता येतो. सीडीचा किरण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. पुढे डीव्हीडीसाठी तांबडा किरण वापरला आणि अंतर ०.७४ मायक्रॉनवर आले. ब्लू-रे तबकडीसाठी निळा-जांभळा किरण आला आणि अंतर ०.३२ मायक्रॉन झाले. मोबाइलमुळे जीबी हा शब्द आता घरोघर पोचला आहे. त्या हिशेबाने सीडीत सुमारे पाऊण जीबीपर्यंत, डीव्हीडीत एका थरावर ४.७ जीबी आणि ब्लू-रेत एका थरावर २५ जीबी मजकूर मावतो. बाहेरून पाहिले तर तिन्ही तबकड्या जवळजवळ सारख्याच दिसतात.

एकदा भांडून, एकदा बसून

तबकडीच्या आधी चित्रफितीच्या कॅसेटची लढाई झाली. सोनीने १९७५ साली बेटामॅक्स आणि जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस आणली. बेटामॅक्सचे चित्र किंचित सरस, असे जाणकार म्हणत. पण तिच्या पहिल्या कॅसेटवर एक तासच चित्रण मावे, व्हीएचएसवर दोन तास. पूर्ण चित्रपट एका कॅसेटवर बसणे ही ग्राहकाच्या दृष्टीने मोठी सोय होती. शिवाय जेव्हीसीने अनेक कंपन्यांना व्हीएचएसची यंत्रे बनवू दिली. १९८८ साली खुद्द सोनीनेच व्हीएचएसची यंत्रे काढली. आपल्याकडे लोक वर्गणी काढून रात्रीपुरता दूरदर्शन संच आणि व्हीसीआर भाड्याने आणत आणि एका रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहत, त्या कॅसेटी व्हीएचएसच्याच. ज्यांनी हौसेने दुसरे यंत्र घेतले होते, त्यांना पुढे भाड्याने कॅसेट मिळेनाशी झाली.

डीव्हीडीच्या वेळी मात्र शहाणपण झाले. १९९५ साली एका बाजूला सोनी आणि फिलिप्स, दुसऱ्या बाजूला तोशिबा, मात्सुशिता आणि टाइम वॉर्नर अशा दोन फळ्या उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा संगणक बनवणाऱ्या कंपन्या पुढे आल्या, त्यांत आयबीएमचा पुढाकार होता. आम्हांला एकच माप पाहिजे, दोन असतील तर आम्ही एकही घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी समझोता झाला आणि १९९६ साली डीव्हीडी जपानात विक्रीला आली. मोठा गिऱ्हाईक एकजुटीने उभा राहिला, की दोन मालकांना एका टेबलावर बसावे लागते. हा अनुभव आम्हां कामगार कार्यकर्त्यांना नवीन नाही.

खेळाचे यंत्र फौजेत

आता खेळाच्या यंत्राकडे, म्हणजे कन्सोलकडे येऊ. निन्टेंडो कंपनीचे खेळ पूर्वी जाड डबीतून, म्हणजे कार्ट्रिजमधून येत. सोनीने तिच्याशी मिळून सीडीवर चालणारे यंत्र करण्याचे ठरवले होते, पण १९९१ साली निन्टेंडोने ते सोडून फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. मग सोनीने स्वतःचेच यंत्र केले. १९९४ च्या डिसेंबरात जपानात आलेले ते पहिले प्लेस्टेशन. सीडी छापायला स्वस्त आणि मावते पुष्कळ. कार्ट्रिज महाग आणि आत जागा थोडी. परिणामी ‘फायनल फॅन्टसी’सारख्या लोकप्रिय मालेचा सातवा खेळ १९९७ साली तीन सीडींवर प्लेस्टेशनकडे आला. प्लेस्टेशनची विक्री दहा कोटींवर गेली. निन्टेंडो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबले. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी चालत असे, म्हणून अनेक घरांत खेळ आणि चित्रपट यांचे एकच यंत्र झाले.

हा धडा सोनीने पक्का गिरवला. २००६ साली पुन्हा दोन तबकड्या समोरासमोर आल्या. तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या बाजूची ब्लू-रे. एचडी डीव्हीडी एका थरावर १५ जीबी साठवी, पण तिची रचना जुन्या डीव्हीडीसारखी असल्याने आहे त्याच कारखान्यांत थोड्या फेरफारांनी ती काढता येई. ब्लू-रेत जागा जास्त. पण तिच्या मजकुरावरचे आवरण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे पातळ, म्हणून तिला ओरखड्यांपासून जपणारा कठीण लेप द्यावा लागला आणि छपाईसाठी नवी यंत्रसामग्रीही लागली. मनमाडच्या रुळांप्रमाणे इथेही दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते.

सोनीने २००६ च्या नोव्हेंबरात आणलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रेचे वाचक बसवूनच दिले. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचे वाचक वेगळे विकले, त्याची किंमत १९९ डॉलर. फरक इथे पडला. खेळण्यासाठी प्लेस्टेशन घेतलेला प्रत्येक मुलगा, त्याच्या मनात असो वा नसो, ब्लू-रेच्या फौजेत भरती झाला. त्याची किंमतही त्याने मोजली. भारतात २००७ च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशन ३ आले ते ३९,९९० रुपयांना. सोनीलाही हे स्वस्त पडले नाही. त्या आर्थिक वर्षात तिच्या खेळ विभागाला २३,००० कोटी येनांहून अधिक तोटा झाला.

शेवट झटपट झाला. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या चित्रपट कंपनीने आपण यापुढे फक्त ब्लू-रेवर चित्रपट काढणार असे जाहीर केले. १५ फेब्रुवारीला वॉलमार्ट या प्रचंड दुकानमालिकेने तेच केले. १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. या दीड महिन्यात तांत्रिक गुणदोषांत तसूभरही बदल झाला नव्हता. बदलले ते करारमदार.

आणि विजय तरी कोणाचा? तबकडीची लढाई सोनीने जिंकली, पण प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोन्ही यंत्रांची एकूण विक्री प्रत्येकी साडेआठ कोटींच्या आसपासच राहिली. त्यांच्याहून जास्त, दहा कोटींवर, खपले ते निन्टेंडोचे वी हे यंत्र. त्यात ब्लू-रेही नव्हती आणि एचडी डीव्हीडीही नव्हती. दोन तट एकमेकांवर तुटून पडले असताना तिसराच बाजार मारून गेला.

याहून शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. प्लेस्टेशन ३ चा मेंदू असलेली ‘सेल’ नावाची चिप सोनी, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून तयार केली होती. २००१ सालीच त्यांनी ही भागीदारी जाहीर केली होती. म्हणजे तबकडीवरून ज्या दोन कंपन्या हाडवैऱ्यासारख्या लढत होत्या, त्याच चिपमध्ये भागीदार होत्या. आयबीएमने तर एक्सबॉक्स ३६० चीही चिप केली. आणि २००९ साली तोशिबाने स्वतःचे ब्लू-रे यंत्र बाजारात आणले. मालक लोक भांडणात मन गुंतवत नाहीत, हिशेब गुंतवतात. मनस्ताप करून घेतो तो आपला कोपऱ्यातला कामगार, ज्याला यात एक पैसाही मिळायचा नसतो.

आपल्याकडची तबकडी

ही लढाई अमेरिकेत आणि जपानात चालली होती, तेव्हा आपल्या गावोगाव व्हीसीडी चालत होती. व्हीसीडी म्हणजे सीडीवरच बसवलेला चित्रपट. चित्र साधारण व्हीएचएसच्या तोडीचे, आणि एका चित्रपटाला दोन-तीन तबकड्या. पाश्चात्त्य देशांत तिला कोणी फारसे विचारले नाही. आशियात मात्र ती घरोघर गेली, कारण ती स्वस्त होती. २००७ साली मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा पायरसीवाल्यांनाही घाम फुटला. परवडण्याजोगी किंमत हाही वस्तूचा एक गुण आहे, हे आपल्या ग्राहकाने दाखवून दिले.

परंतु स्वस्त तबकडीतही अटी असतच. डीव्हीडीसाठी कंपन्यांनी जगाचे सहा विभाग पाडले होते. अमेरिका पहिल्या विभागात, भारत पाचव्या. अमेरिकेतल्या भाच्याने हौसेने आणलेली डीव्हीडी इथल्या यंत्रात लागत नसे, याचा अनुभव पुष्कळ घरांनी घेतला आहे. तबकडीत बिघाड नव्हता, यंत्रातही नव्हता. कोणत्या देशात कोणता माल कधी आणि काय भावाने विकायचा, हे कंपनीच्या हाती राहावे म्हणून मुद्दाम घातलेली ती आडकाठी होती.

तबकडी छापणाऱ्या हातांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. मोझर बेअर ही एके काळी अशा तबकड्या करणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जाई. इंटरनेटने तबकडीचा धंदा बसवला आणि २०१८ साली ही कंपनी दिवाळखोरी कायद्याखाली अवसायनात निघाली. तिच्या कर्मचारी युनियनने देण्यांत कामगारांना जुन्या कंपनी कायद्याप्रमाणे अग्रहक्क मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. २ मे २०२३ रोजी न्यायालयाने ती मागणी फेटाळली. दिवाळखोरी कायद्यातली क्रमवारीच लागू राहील, असा निकाल झाला. त्या क्रमवारीत कामगारांची २४ महिन्यांची देणी तारणदार धनकोंच्या बरोबरीने बसतात. त्यापलीकडची मागे पडतात. एखादा फॉरमॅट ‘कालबाह्य झाला’ असे आपण सहज म्हणतो. त्या दोन शब्दांत किती संसार बसतात, ते या निकालावरून कळते.

तेरा दिवसांत माघार

आता मूळ मुद्दा. तबकडी ही वस्तू आहे. ती विकत घेतली, की ती मित्राला देता येते, वापरून झाल्यावर विकता येते, भावंडांसाठी ठेवता येते. चार-पाच पोरे मिळून तबकड्यांची जणू भिशीच चालवतात. एकेकाने एकेक खेळ घ्यायचा आणि आळीपाळीने सगळ्यांनी सगळे खेळायचे. जुना खेळ विकून नव्याचे निम्मे पैसे उभे करायचे. गरिबाची हौस भागते ती अशा युक्तीने.

२०१३ साली याच हक्कावर गदा आली. मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात एक्सबॉक्स वन हे नवे यंत्र जाहीर केले आणि ६ जूनला त्याच्या अटी प्रसिद्ध केल्या. यंत्राने दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावली पाहिजे. तबकडीवरचा खेळ जुना म्हणून विकायचा तर ठरावीक दुकानांतच, तोही खेळ काढणाऱ्याची परवानगी असेल तर. मित्राला द्यायचा तर एकदाच, आणि तो मित्र किमान तीस दिवस तुमच्या यादीत असला पाहिजे. तबकडी हातात, पण मालकी हातात नाही, असा हा प्रकार होता.

मग जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. एरवी कोणाचे यंत्र श्रेष्ठ यावर एकमेकांचे तोंड न पाहणारे खेळाडू या एका मुद्द्यावर एकदम बिथरले. सोनीने संधी साधली. १० जूनला तिने जाहीर केले की आमच्या यंत्रात असली बंधने नाहीत, आणि किंमतही ३९९ डॉलर, म्हणजे मायक्रोसॉफ्टहून शंभर डॉलर कमी. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने या अटी मागे घेतल्या. अटी प्रसिद्ध झाल्यापासून तेरा दिवसांत! प्रतिस्पर्ध्याचा धाक होता, हे खरेच. पण ग्राहकांनी ओरड केली नसती, तर प्रतिस्पर्ध्यालाही तोच कित्ता गिरवायला काय हरकत होती? चाळीस वर्षांच्या तबकडी-वादांत ग्राहकांनी तांत्रिक श्रेष्ठतेवरून किती रणे माजवली, त्यांतून त्यांच्या पदरात काही पडल्याचे मला दिसत नाही. अटींवरून एकदा ते बोलले आणि पंधरवड्याच्या आत निकाल लागला.

डबा आहे, दाणा नाही

तेव्हापासून काळ पुढे गेला आहे. २०२० साली आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एस या यंत्रात तबकडीला जागाच नाही. प्लेस्टेशन ५ चेही एक रूप तसेच निघाले आणि २०२४ चे प्लेस्टेशन ५ प्रो तबकडी-वाचकाविनाच विकले गेले. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ च्या काही खेळांच्या डबीत खेळ नसतो. इंटरनेटवरून खेळ उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. कणगी घरी आणावी आणि आत दाण्याऐवजी कोठाराची किल्ली निघावी, त्यातला प्रकार. कोठार उघडे आहे तोवर ठीक.

उतरवून घेण्याच्या पद्धतीचे फायदे मी नाकारीत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी भारतीय पुराणकथांच्या आधाराने ‘राजी’ नावाचा खेळ केला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी हात टेकले नाहीत. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेंडोच्या यंत्रावर उतरवून घेण्याच्या रूपाने जगापुढे आला. हजारो प्रती छापून, खोक्यांत भरून, गोदामांत ठेवून विकायच्या असत्या, तर एवढी मजल मारणे त्यांना फार जड गेले असते. लहान कारागिराला हा रस्ता उपकारक आहे.

पण घेणाऱ्याची बाजूही पाहा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइल या खेळावर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. खेळात पैसे घालून मिळवलेले सारे काही मात्र महिन्या-दोन महिन्यांत लाखो पोरांच्या हातून गेले, कारण ते त्यांच्या हातात कधी नव्हतेच. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ २०२४ च्या मार्चअखेर कंपनीने बंद केला. तो कंपनीच्या दूरच्या यंत्रांशी जोडल्याशिवाय चालत नसे, म्हणून ज्यांच्या कपाटात त्याची तबकडी होती, त्यांचाही खेळ संपला. विकलेल्या यंत्रातून काही काढून घेतल्याचे उदाहरणही आहे. प्लेस्टेशन ३ वर दुसरी संगणक प्रणाली चालवण्याची सोय होती. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने ती दुरुस्तीच्या नावाखाली काढून टाकली. तबकडी जवळ असणे हे संरक्षण आहे, पण पुरते संरक्षण नाही. सारे काही अटींवर अवलंबून आहे.

या अटींविरुद्ध लोक उभे राहू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे, की जिथे ग्राहकाला नुसता वापराचा परवाना मिळतो, तिथे ‘विकत घ्या’ असे म्हणताना ती गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. विकलेले खेळ कंपन्यांनी मारून टाकू नयेत, या मागणीच्या अर्जावर युरोपीय संघात २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या.

आपल्याकडे काय करता येईल? महाराष्ट्राला हे काम परके नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा ग्राहकाचे संरक्षण करणारा स्वतंत्र कायदाही देशात नव्हता. आज २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, प्रत्येक जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे, आणि एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करण्याची सोय त्या कायद्यात आहे. ज्यांना युनियन म्हणजे काय ते समजते, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

तेव्हा माझ्या तरुण मित्रांना माझे सांगणे एवढेच आहे. वाद जरूर घाला. वादाशिवाय ज्ञान वाढत नाही. पण कोणत्या यंत्रात किती ताकद, याबरोबर चार प्रश्न आणखी विचारा. हे यंत्र इंटरनेटशिवाय चालते का? हा खेळ मला दुसऱ्याला देता किंवा विकता येतो का? डबीत खेळ आहे की नुसती किल्ली? आणि कंपनीने उद्या दुकान बंद केले, तर माझ्याकडे काय उरते? या चार प्रश्नांवर प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला एका बाजूला येतात, आणि तसे ते आले पाहिजेत.

नव्या कामगाराला आम्ही पहिली गोष्ट शिकवतो ती ही, की नेमणूकपत्रावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय सही करू नये. यंत्र पहिल्यांदा सुरू केले की पडद्यावरही बारीक अक्षरांची पानेच्या पाने येतात आणि खाली ‘मान्य आहे’ असे बटण असते. त्या बटणावर बोट ठेवणे हीसुद्धा सहीच आहे.